बिडाच्या कास्टिंगमध्ये कोबाल्ट कुठून आला? ईडीएस स्पेक्ट्रम इम्पोर्ट करतानाच्या नेहमीच्या अडचणी

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात कास्टिंगचा तुकडा कापणं, माउंट करणं, पॉलिश करणं सगळं इथल्या इथे होतं. अडतं ते पुढे. एसईएमचा, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा, स्लॉट कधी कोल्हापुरात मिळतो, कधी पुण्यात, फारच घाई असेल तर मुंबईत. प्रत्येक ठिकाणी मायक्रोस्कोपला बसवलेला ईडीएस डिटेक्टर, म्हणजे नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, वेगळ्या कंपनीचा. त्यामुळे एकाच कामाच्या फाइली तीन तऱ्हेच्या येतात आणि त्या एका सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या म्हटलं की त्याच त्या अडचणी पुन्हा समोर उभ्या राहतात. बहुतेकांकडे अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचं फुकट मिळणारं डीटीएसए-टू असतं, नाहीतर पायथनमधलं हायपरस्पाय. साताऱ्याकडून बेसाल्ट आणि जांभ्याचे नमुने घेऊन फिरणाऱ्या एमएस्सीच्या पोरांचंही हेच रडगाणं.

फाइल उघडत नाही, ही यातली सगळ्यात सोपी अडचण. संगणक निदान तोंडावर नाही म्हणतो. घोटाळा होतो तो उघडलेल्या फाइलीत. ग्राफ छान दिसतो, पीक्सवर, म्हणजे ग्राफमधल्या उंचवट्यांवर, मूलद्रव्यांची नावं येतात, टक्केवारीचा तक्ताही येतो, आणि हेडरमधला, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतला, एखादा आकडा मात्र चुकीचा वाचला गेलेला असतो. म्हणून न उघडणाऱ्या फाइलीचं लवकर आटपतो आणि उघडणाऱ्या फाइलीवर जास्त वेळ घालवतो.

फाइल उघडतच नाही

लॅबने नेमकं काय दिलंय ते आधी बघा. पीडीएफ किंवा वर्डमधल्या रिपोर्टात स्पेक्ट्रमचं नुसतं चित्र असतं, त्यातून इम्पोर्ट करण्यासारखं काही नसतं. डिटेक्टर बनवणाऱ्या ऑक्सफर्डच्या ॲझटेक सॉफ्टवेअरचा आख्खा प्रोजेक्ट कॉपी करून दिला असेल, तर तो डीटीएसए-टूच्या कामाचा नाही. लॅबला सांगून त्यातला एकेक स्पेक्ट्रम .एमएसए म्हणून एक्सपोर्ट करून घ्यावा लागतो. ब्रुकरची .एसपीएक्स आणि इडॅक्सची .एसपीसी या सुट्या स्पेक्ट्रमच्या फाइली आहेत, त्या डीटीएसए-टू आणि हायपरस्पाय दोन्ही वाचतात. जिओलची .ईडीएस हायपरस्पायमध्ये उघडते.

फाइलीच्या शेपटीवर मात्र विश्वास ठेवू नका. .एसपीसी हीच शेपटी एफटीआयआर आणि रामन या वेगळ्याच तपासण्यांच्या फाइलींनाही असते, आणि त्यांचा इडॅक्सशी काडीचा संबंध नाही. एकाच लॅबमध्ये दोन्ही तपासण्या करून घेतल्या असतील तर फोल्डरमध्ये त्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. दुसरं म्हणजे विंडोज ओळखीची शेपटी लपवतं, त्यामुळे दिसायला .एमएसए असलेली फाइल प्रत्यक्षात .एमएसए.टीएक्सटी निघते.

खरी ओळख पटते ती फाइलीचं पोट बघून. तिची कॉपी करा आणि कॉपी नोटपॅड++ मध्ये उघडा. पहिली ओळ ‘#फॉरमॅट’ने सुरू होत असेल तर ती एम्सा फाइल, म्हणजेच वरची .एमएसए. हा फॉरमॅट १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवाल्यांनी कंपन्या-कंपन्यांतल्या देवाणघेवाणीसाठी ठरवला आणि २००३ मध्ये तो आयएसओ २२०२९ म्हणून मानक झाला. साधा टेक्स्ट आहे: वर हॅश लावलेल्या हेडरच्या ओळी, मग ‘#स्पेक्ट्रम’, खाली आकडे, शेवटी ‘#एंडऑफडेटा’. सुरुवातीला कोनी कंसात एक्सएमएल असं दिसलं तर बहुधा ब्रुकर. नुसती अगम्य चिन्हं दिसली तर बायनरी फाइल आहे, तिथे हात घालू नका.

कॉपी का, ते सांगतो. ब्रुकरची फाइल आपलं एन्कोडिंग वरच्या ओळीत विंडोज-१२५२ असं जाहीर करते. ती नोटपॅडमध्ये उघडून नुसती सेव्ह केली आणि नोटपॅडने ती यूटीएफ-८ मध्ये लिहिली, की जाहीर केलेलं एक आणि आत असलेलं दुसरं. एम्सा फाइलीचंही तसंच. तिच्या अगदी सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंगची खूण सांगणारे, अदृश्य बाइट घुसले, की वाचणाऱ्या प्रोग्रामला पहिली ओळ हॅशने सुरू होताना दिसत नाही आणि तो ‘ओळख पटत नाही’ म्हणून हात झटकतो. आपल्याकडची खास भर म्हणजे नमुन्याचं नाव देवनागरीत टाकणं. एम्साचं हेडर साध्या आस्की अक्षरांचं असणं अपेक्षित आहे. शीर्षकात ‘कासचा जांभा, नमुना २’ लिहिलं की काही प्रोग्राम तिथेच अडखळतात. नावं रोमन अक्षरांत ठेवा, मराठी नोंद वहीत करा. तारखेतला महिनाही इंग्रजी तीन अक्षरांचा लागतो, म्हणून फाइल बनवणाऱ्या संगणकाची भाषा-सेटिंग बदललेली असेल तर तारखेची ओळ तपासा. दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम आला असेल तर कारण तेच, फक्त सेटिंग युरोपातलं.

उघडते, पण पीक्स सरकलेली

आता शीर्षकातला कोबाल्ट. एसजी आयर्नचा, म्हणजे गोलाकार ग्राफाइट असलेल्या बिडाचा, तुकडा, त्यात लोखंड, कार्बन, सिलिकॉन. इम्पोर्ट केल्यावर सॉफ्टवेअर आपोआप कोबाल्टचं नाव लावतं, आणि ते एका नव्हे तर दोन ठिकाणी जुळतं. मग माणूस स्क्रॅपमध्ये टूल स्टीलचा तुकडा आला का, असं भट्टीवाल्याला विचारायला निघतो.

थांबा. ब्रुकरच्या स्पेक्ट्रममध्ये पहिलं चॅनेल, म्हणजे ऊर्जेच्या आडव्या अक्षावरचा पहिला कप्पा, शून्य ऊर्जेचं नसतं. शून्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक्सचं स्वतःचं एक पीक असतं, ते मावावं म्हणून अक्ष ऋण बाजूपासून सुरू होतो. फाइलीत हे दोन आकड्यांत लिहिलेलं असतं: कॅलिबॅब्स, म्हणजे पहिल्या चॅनेलची ऊर्जा, आणि कॅलिबलिन, म्हणजे दर चॅनेलमागे वाढणारी ऊर्जा. समजा कॅलिबॅब्स उणे ०.४८ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आहे आणि इम्पोर्ट करणाऱ्या प्रोग्रामने, किंवा कुणी आकड्यांचा नुसता कॉलम कॉपी करून दिला असेल तर त्या माणसाने, ते सोडून दिलं. मग प्रत्येक पीक ०.४८ ने वर सरकतं. लोखंडाची के-अल्फा, म्हणजे त्याची ठरलेली क्ष-किरण रेषा, ६.४० ऐवजी ६.८८ वर दिसते (के, एल, एम ही अशा रेषांच्या गटांची नावं). कोबाल्टची के-अल्फा आहे ६.९३. कार्बनचं ०.२८ चं पीक ०.७६ वर जातं. कोबाल्टची एल रेषा ०.७८. झाला की नाही पुरावा दोन्हीकडून पक्का? लोखंडाची स्वतःची ०.७१ ची एल रेषा १.१९ वर जाऊन चक्क जर्मेनियमच्या एल रेषेवर बसते. आणि शून्याचं ते पीक ०.४८ वर येऊन, ऑक्सिजन ०.५२ ला असल्यामुळे, नमुना गंजलाय असं वाटायला लावतं.

ओळखायची खूण म्हणजे ही सगळी जुळणी थोडी थोडी चुकलेली असते. ६.८८ आणि ६.९३ यांत ५० ईव्हीचा फरक आहे. चांगल्या डिटेक्टरमध्ये पीकचा मध्य एवढा चुकत नाही. पीकचा मध्य रेषेच्या एका अंगाला दिसला, तर मूलद्रव्य बदलण्याआधी अक्ष तपासा.

एम्सा फाइलीत हेच काम तीन ओळी करतात. ‘एक्सयुनिट्स’मध्ये ईव्ही की केईव्ही, ‘एक्सपरचॅन’मध्ये चॅनेलची रुंदी, ‘ऑफसेट’मध्ये पहिल्या चॅनेलची ऊर्जा. ‘सीएचऑफसेट’ ही चौथी ओळ वेगळी आहे: शून्य ऊर्जा कितव्या चॅनेलला येते ते ती सांगते. या दोन ऑफसेटची गल्लत करणारे प्रोग्राम आहेत, आणि एक लिहून दुसरी रिकामी सोडणारेही. एक्सयुनिट्स केईव्ही आणि एक्सपरचॅन १० अशी जोडी दिसली तर ती चूकच समजा, कारण त्या हिशेबाने २०४८ चॅनेलचा स्पेक्ट्रम २०,४८० केईव्हीपर्यंत जाईल. रुंदी ०.०१ हवी. ही चूक निदान डोळ्यांना लगेच खुपते.

चॅनेल मोजायला शून्यापासून सुरुवात की एकपासून, या फरकाने अक्ष एका चॅनेलने सरकतो. दुकॉलमी डेटात ऊर्जा चॅनेलच्या मध्याची लिहिली की काठाची, यावर अर्ध्या चॅनेलचा फरक पडतो. लोखंडापाशी त्याचं विशेष काही नाही, कार्बन-ऑक्सिजनपाशी मात्र लक्ष द्यावं.

हेडरवर भरवसा नसेल तर अक्ष स्वतः काढा. ॲल्युमिनिअमचा स्टब (नमुना बसवायची चकती) आणि त्यावर चिकटवलेली कॉपर टेप प्रत्येक एसईएम लॅबमध्ये असतेच. दोन्हीच्या सीमेवरचा एक स्पेक्ट्रम मागून घ्या. ॲल्युमिनिअमची के-अल्फा १.४९ केईव्ही, तांब्याची ८.०४. समजा ही पीक्स १६९ आणि ८२४ या चॅनेलला आली. ऊर्जेतला फरक ६.५५, चॅनेलमधला ६५५, म्हणजे रुंदी ०.०१. मग १.४९ मधून १६९ गुणिले ०.०१ वजा केले की पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या, चॅनेलची ऊर्जा मिळाली: उणे ०.२०. हे दोन आकडे फाइलीच्या कॉपीत भरा. एम्सामध्ये दोन हॅशने सुरू होणाऱ्या ओळी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या असतात, तिथे ‘अक्ष अमुक तारखेला बदलला’ अशी रोमन अक्षरांत नोंद टाका. ऑक्सफर्डच्या फाइलींत अशा दोन हॅशच्या ओळी दिसतात, त्या पीक्सच्या नावांच्या असतात. त्यांना घाबरायचं कारण नाही.

स्पेक्ट्रम मध्येच कापलेला: हळदीचं उदाहरण

सांगलीत हा विषय निघाला की कुणीतरी हळद घेऊन येणारच. भेसळीचा पिवळा रंग, म्हणजे लेड क्रोमेट, ईडीएसने दिसेल का? सुटा, चमकदार कण सापडला तर त्या कणात दिसेल. सबंध भुकटीत शिसं किती, हे विचारायचं असेल तर हे यंत्रच चुकीचं. साधारण ०.१ टक्क्याखाली ईडीएसला काही दिसत नाही, त्यासाठी आयसीपी-एमएस या जास्त सूक्ष्म मोजणाऱ्या तपासणीवाल्यांकडे जा.

कणाचा स्पेक्ट्रम घेतला तरी इम्पोर्टची मेख आहेच. शिशाची एम रेषा २.३५ केईव्हीला, गंधकाची के रेषा २.३१ ला. डिटेक्टरला ती दोन वेगळी दिसत नाहीत. एकच जाडसर पीक दिसतं आणि सॉफ्टवेअर ते दोघांत वाटून देतं. अक्ष दहा-वीस ईव्हीने सरकला की वाटणी बदलते. खात्री करायची तर शिशाची एल रेषा बघायची, ती १०.५५ ला. आता ‘एनपॉइंट्स’ची ओळ बघा. १०२४ चॅनेल, प्रत्येकी १० ईव्ही, म्हणजे स्पेक्ट्रम १०.२४ केईव्हीला संपला. पुरावा जेमतेम ०.३ केईव्हीने कुंपणाबाहेर राहिला. काही वेळा मूळ स्पेक्ट्रम २०४८ चॅनेलचा असतो आणि एक्सपोर्ट करताना फक्त पडद्यावर दिसणारा भाग जातो. म्हणून मूळ फाइलही मागायची. शिवाय ती एल रेषा उठायला बीम १३ केव्हीच्या बराच वर हवा, २० ठेवला तर उत्तम. क्रोमिअमची ५.४१ ची रेषा सोबत दिसली तर संशय बळकट होतो.

अक्ष बरोबर, टक्केवारी चूक

इथे चार ओळी बघायच्या: ‘बीमकेव्ही’ (इलेक्ट्रॉन बीमची ऊर्जा), ‘लाइव्हटाइम’ (डिटेक्टर प्रत्यक्ष मोजत होता तो वेळ), ‘प्रोबकर’ (बीमचा करंट, म्हणजे प्रोब करंट) आणि ‘एलेव्हअँगल’ (डिटेक्टरचा टेक-ऑफ कोन).

बीमकेव्ही तपासायला कुणाची परवानगी लागत नाही, स्पेक्ट्रमच ते सांगतो. उभा अक्ष लॉगमध्ये करा आणि मागची घसरण, म्हणजे पीक्सखालची सलग पार्श्वभूमी, कुठे संपते ते बघा. बीमच्या ऊर्जेपेक्षा मोठा फोटॉन निघूच शकत नाही, त्याला ड्युएन-हंट मर्यादा म्हणतात. हेडर २० म्हणतंय आणि घसरण १५ ला संपतेय, तर बहुतेक वेळा मायक्रोस्कोप आणि ईडीएसचा संगणक एकमेकांशी बोलत नाहीत आणि हेडरमध्ये जुनाच आकडा बसलाय. मात्र साताऱ्याच्या बेसाल्टवाल्यांनी घाई करू नये. दगड वीजवाहक नसतो. कोटिंग नीट झालं नसेल तर पृष्ठभागावर भार साठतो, इलेक्ट्रॉन आधीच मंदावून पोचतात आणि मर्यादा खरोखरच खाली येते. अशा वेळी हेडर खरं असतं, नमुना बिघडलेला असतो, आणि तो इम्पोर्टमध्ये दुरुस्त होत नाही. कार्बनचं कोटिंग करून पुन्हा स्लॉट घ्या.

लाइव्ह टाइम एम्सामध्ये सेकंदांत असतो, ब्रुकरच्या फाइलीत ‘लाइफटाइम’ या नावाने मिलिसेकंदांत. हाताने रूपांतर केलेल्या फाइलीत म्हणूनच हजारपटीचा घोळ सापडतो. लाइव्ह टाइम रिअल टाइमपेक्षा, म्हणजे घड्याळाच्या एकूण वेळेपेक्षा, मोठा असूच शकत नाही. दोन्ही अगदी सारखे असतील तर ते कुणीतरी हाताने भरलेत. रिअल ६० आणि लाइव्ह ४२ म्हणजे डेड टाइम ३० टक्के, हे पटण्यासारखं आहे.

प्रोब करंट हा खरा दुखरा भाग. पुष्कळ फाइलींत ही ओळ नसतेच, किंवा शून्य असते. स्टँडर्डशी, म्हणजे घटक माहीत असलेल्या नमुन्याशी, तुलना करून काढलेल्या टक्केवारीत सगळा हिशेब प्रोब करंट गुणिले लाइव्ह टाइम या मात्रेवर चालतो. स्टँडर्ड १ नॅनोअँपिअरला, नमुना ०.५ ला घेतला आणि दोन्हीकडे १ लिहिलं, तर बेरीज १०० ऐवजी ५० च्या आसपास येते. तेव्हा बेरीज १०० ला ताणून घेणं, म्हणजे नॉर्मलाइज करणं, हा मोह टाळा. सगळे स्टँडर्ड एकाच करंटला घेतले असतील तर चूक नुसती झाकली जाते. लोखंडाचा स्टँडर्ड एका करंटला आणि मॅग्नेशिअम ऑक्साइडचा दुसऱ्याच करंटला घेतला असेल, तर ताणून घेतलेले आकडेही चुकीचेच. रिपोर्टात बरोब्बर १००.०० दिसलं की मी पहिला प्रश्न कच्ची बेरीज किती होती हा विचारतो.

टेक-ऑफ कोनाचं लोक मनावर घेत नाहीत. लोखंडात अडकलेल्या मॅग्नेशिअम सल्फाइडच्या कणातून मॅग्नेशिअमची १.२५ केईव्हीची किरणं बाहेर येतात तेव्हा वाटेत शोषली जातात. ती वाट कोनावर ठरते. डिटेक्टर ४० अंशांवर आहे आणि हेडरमध्ये ३५ आहे, तर वाट हिशेबात सुमारे १२ टक्के लांब धरली जाते आणि शोषणाची दुरुस्ती जास्त होते. लोखंडाच्या के रेषेला याचं फार वाटत नाही, मॅग्नेशिअमला वाटतं.

आणखी एक, यावर कमी लोक बोलतात. उभ्या अक्षावर पूर्ण आकडे आहेत का? काउंट म्हणजे मोजलेले फोटॉन, तिथे अपूर्णांक कुठून येणार? ३१.४७ असं काही दिसलं तर काउंट प्रतिसेकंद एक्सपोर्ट झालंय, किंवा स्पेक्ट्रम गुळगुळीत करून दिलाय, किंवा मागचा भाग वजा करून. पहिल्या प्रकारात लाइव्ह टाइमने गुणून काउंट परत मिळतात. बाकी दोन प्रकारांत मिळत नाहीत. १०,००० काउंटवर अनिश्चितता १००, म्हणजे एक टक्का, हा हिशेब मूळ काउंटवरच चालतो. गुळगुळीत केलेल्या स्पेक्ट्रमवर प्रोग्राम खोटी अचूकता दाखवतो.

दोन लॅबचे स्पेक्ट्रम एका डिटेक्टरच्या नावावर

डीटीएसए-टू स्पेक्ट्रम घेताना तो कोणत्या डिटेक्टरचा ते विचारतं. तिथे समोर आलेला डिफॉल्ट डिटेक्टर निवडून पुढे जाणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. प्रत्येक लॅबसाठी वेगळा डिटेक्टर बनवा आणि त्याच लॅबच्या तांब्याच्या स्पेक्ट्रमवरून त्याची रुंदी, शून्य आणि रिझोल्यूशन बसवून घ्या. पुण्यात घेतलेला स्टँडर्ड आणि कोल्हापुरात घेतलेला नमुना यांची तुलना कुठल्याही इम्पोर्टने जुळत नाही, कारण डिटेक्टरची खिडकी वेगळी, घन कोन वेगळा, रिझोल्यूशन वेगळं. बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज खनिजाचं सोडिअम १.०४ केईव्हीला असतं, खिडकीचा फरक तिथे लगेच जाणवतो. नमुना आणि स्टँडर्ड एकाच बैठकीत, एकाच मायक्रोस्कोपवर.

हायपरस्पायवाल्यांसाठी: फाइल लोड झाली की आधी ‘ओरिजिनल मेटाडेटा’ छापून बघा. मूळ हेडर तिथे असतं. वरच्या ‘मेटाडेटा’त फक्त हायपरस्पायला ओळखू आलेल्या ओळी येतात, त्यामुळे तिथे करंट दिसला नाही म्हणजे फाइलीत नाहीच असं समजू नका. सिग्नलचा प्रकार ईडीएस-एसईएम असा लागलेला नसेल तर मूलद्रव्यांची कामं करणाऱ्या सोयीच दिसत नाहीत, तो हाताने लावा. आवृत्ती २ पासून फाइली वाचण्याचं काम रोझेटा-साय-आयओ या वेगळ्या पॅकेजकडे गेलंय, त्यामुळे जुन्या धड्यांतल्या काही ओळी आता चालत नाहीत.

लॅबला स्लॉटच्या आधी पाठवायचा निरोप असा. हवा तर जसाच्या तसा उचला:

“नमस्कार सर, उद्याच्या नमुन्यांचे स्पेक्ट्रम मूळ फॉरमॅटमध्ये आणि .एमएसए मध्येही द्याल का? एक्सपोर्ट करताना पूर्ण रेंज आणि मूळ काउंट ठेवावेत, स्मूदिंग नको. नमुन्यांच्या आधी आणि नंतर, त्याच सेटिंगला, स्टबवरच्या कॉपर टेपच्या काठाचा एकेक स्पेक्ट्रम घ्यावा. फॅराडे कपवर मोजलेला करंट, केव्ही, वर्किंग डिस्टन्स, स्टेजचा टिल्ट आणि डिटेक्टरचा टेक-ऑफ कोन एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला तरी चालेल. फाइली झिप करून द्याव्यात, नावं इंग्रजीत ठेवावीत. कॉपर टेपच्या स्पेक्ट्रमचा वेगळा चार्ज लागत असेल तर बिलात धरा.”